शिळाछापातले हिवाळी खेडे कसे पाहावे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

एकोणिसाव्या शतकातील शिळाछापावरचे, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रातले (लिथोग्राफमधले) खेडे पाहताना नवशिक्या माणसाकडून बहुतेक वेळा एकच घाई होते. बर्फाने झाकलेले छप्पर, दाराशी उभी असलेली घोड्याची गाडी आणि मागे फिकट होत गेलेल्या टेकड्या दिसल्या, की आपण थेट त्या अंगणात जाऊन उभे राहतो आणि ‘त्या काळचे गाव असे होते’ असे म्हणून मोकळे होतो. वास्तविक ते गाव आधी एका चित्रकाराच्या मनात, मग दगडावर, मग छापखान्यातल्या रंगाच्या टेबलावर आणि शेवटी विक्रीच्या दुकानात असे चार वेळा घडलेले असते. त्या चारही जागी थांबून पाहिले, तर चित्राचा आनंद कमी होत नाही, उलट वाढतो, असा माझा अनुभव आहे. ही पाहण्याची रीत नव्याने शिकणाऱ्यांना पायरीपायरीने समजावी, म्हणून हा लेख लिहिला आहे.

सामान्य नियम सांगत बसण्यापेक्षा एकच छाप हाताशी धरावा, हे बरे. न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्ह्ज या प्रकाशनसंस्थेने १८६७ साली ‘होम टू थँक्सगिव्हिंग’ नावाचा एक मोठा शिळाछाप काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी’ असा होतो. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरात येणारा, आभार मानण्याचा अमेरिकी सण. मूळ चित्र जॉर्ज हेन्री ड्युरी यांचे होते आणि ते शिळेवर उतरवण्याचे काम जॉन शुटलर यांनी केले. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातले एक शेतघर, सगळीकडे बर्फ, दारापुढे बर्फावरून घसरत जाणारी स्लेजगाडी आणि पडवीत घरी आलेल्या मुलाचे होत असलेले स्वागत एवढा त्याचा विषय आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर या संस्थेचे शेकडो छाप मोठे करून पाहता येतात. हा छाप समोर उघडून ठेवावा आणि मग पुढे वाचावे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी ही चित्रे नाताळच्या बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरांवर किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या निळ्या-पांढऱ्या ताटल्यांवर पाहिलेली असण्याचा संभव मोठा आहे. त्या ताटल्यांवर बहुधा दिसणारी जुनी पाणचक्कीही ड्युरींच्याच चित्रावरून आलेली आहे.

पहिली पायरी : खेड्याआधी कागद पाहा

शिळामुद्रणाची युक्ती अगदी साधी आहे आणि ती समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट दिसत नाही. आलॉयस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास म्युनिकमध्ये ती शोधून काढली. बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणीतला बारीक पोताचा चुनखडीचा दगड घ्यायचा, त्याला वाळूने घासून हलकासा खरखरीतपणा आणायचा आणि त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे. मग डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल मिसळून त्याचा हात फिरवायचा, म्हणजे रेखाटलेला भाग तेल धरतो आणि मोकळा भाग पाणी धरतो. दगड ओला करून वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेखाटनाला चिकटते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी कला उभी आहे. महाराष्ट्राला ती परकी नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाछापावरच. पुढे पुण्याची चित्रशाळा आणि रविवर्मा प्रेस यांच्या रंगीत तसबिरी याच कुळातल्या होत, फक्त त्यांत एकेका रंगासाठी वेगवेगळी शिळा वापरली जाई.

आता भिंग घेऊन टेकडीची उतरण किंवा झाडाचे खोड पाहा. प्रत पडद्यावर असेल, तर ती शक्य तितकी मोठी करा. तेलकट खडू खरखरीत दगडावरून गेला, की तो फक्त उंचवट्यांवर बसतो, त्यामुळे छाप जवळून वाळूसारखा दाणेदार दिसतो. हे दाणे लहानमोठे आणि अनियमित असतात. याउलट एकसारख्या अंतरावर ओळीत मांडलेले ठिपके दिसले, तर ते पुढच्या काळातल्या यांत्रिक छपाईचे पुनर्मुद्रण आहे, असे समजावे. विसाव्या शतकात विमा कंपन्यांच्या कॅलेंडरांतून या चित्रांची अशी अगणित पुनर्मुद्रणे निघाली आणि पुष्कळांच्या भिंतीवर आज तीच चौकटीत बसवलेली आढळतात.

दुसरे पाहायचे ते रंग. या काळातल्या करियर अँड आइव्ह्जच्या चित्रांत काळी शाई दगडावरून येई आणि रंग प्रामुख्याने हाताने भरले जात. लांब टेबलावर दहा-बारा बायका बसत, मध्ये नमुन्याची रंगवलेली प्रत ठेवलेली असे आणि प्रत्येकीकडे एकच रंग असे. एकीने निळा भरला, की कागद पुढे सरके, मग दुसरी तांबडा भरी. म्हणून एखाद्या कुंपणाच्या कडेला निळा किंचित बाहेर सांडलेला दिसतो, एखाद्या शालीचा लाल रंग रेषेच्या आत अर्धाच राहिलेला असतो. अशी जागा सापडली, की तिथे अवश्य थांबावे. एका विशिष्ट बाईचा एका विशिष्ट दिवशी फिरलेला कुंचला आपल्यासमोर असतो. तिचे नाव मात्र छापावर कुठेही येत नाही. एकाच छापाच्या दोन प्रतींत आकाशाचा रंग वेगळा दिसला, तर गोंधळून जाऊ नये. त्यामागेही हीच हाताने रंगवण्याची पद्धत असते.

हिवाळी चित्रांत एक गोष्ट मला फार उशिरा समजली, ती मुद्दाम सांगतो. बर्फ काढलेले नसते. ते म्हणजे मोकळा सोडलेला कागद असतो. चित्रकार झाडे, घर, सावल्या आणि गाडीच्या चाकोऱ्या काढतो आणि उरलेल्या कागदाला आपण बर्फ मानतो. त्यामुळे दीडशे वर्षांत कागद पिवळा पडला, की बर्फही पिवळे पडते आणि पाहणाऱ्याला वाटते, की चित्रात संध्याकाळचे ऊन पसरले आहे. मीही बरेच दिवस एका छापातल्या ‘सोनेरी सायंकाळी’चे कौतुक करत होतो. त्याच छापाची स्वच्छ प्रत पाहिल्यावर ती भर दुपार असल्याचे ध्यानात आले. प्रकाशाविषयी काही लिहिण्याआधी चित्राबाहेरचा कोरा समास तपासावा. समास पिवळा असेल, तर ती संध्याकाळ बहुधा कागदाची असते. कागदावर लाकडाच्या नसांसारखे तपकिरी पट्टे दिसले, तर चौकटीमागे कधी काळी लाकडी फळी लावलेली होती, असे समजावे.

दुसरी पायरी : तळाच्या ओळी वाचा

चित्राखालचा मजकूर बारीक असतो, म्हणून तो सोडून देण्याची सवय लागते. पण चित्राचा जन्मदाखला तिथेच असतो. डावी-उजवीकडे लहान अक्षरांत नावे असतात. नावापुढे ‘पिंक्स.’ असेल, तर मूळ रंगचित्र त्याचे, ‘डेल.’ असेल, तर रेखाटन त्याचे आणि ‘लिथ.’ असेल, तर शिळेवरचे काम किंवा छपाई त्याची, असे साधारणपणे मानतात. एकाच चित्राला दोन-तीन नावे असतात, हे इथे प्रथम कळते आणि ‘चित्रकाराला काय म्हणायचे होते’ हा आपला आवडता प्रश्न लगेच अडखळतो. कोणत्या चित्रकाराला?

प्रकाशकाच्या नावावरूनही काळ ठरवता येतो. नॅथॅनिएल करियर यांनी १८३० च्या दशकाच्या मध्यावर स्वतःचा धंदा सुरू केला. जेम्स मेरिट आइव्ह्ज १८५२ साली त्यांच्याकडे हिशेबनीस म्हणून आले आणि १८५७ साली भागीदार झाले. छापावर नुसते ‘एन. करियर’ असेल, तर ते १८५७ च्या आधीचे काम धरावे आणि दोघांची नावे असतील, तर नंतरचे. पत्ता १५२, नॅसॉ स्ट्रीट असेल, तर छाप १८७२ पर्यंतचा. त्यानंतर संस्थेचे दुकान त्याच रस्त्यावर दुसऱ्या क्रमांकांना हलले. मालकीहक्काची, म्हणजे कॉपीराइटची, ओळ याहून उपयोगी आहे. ‘काँग्रेसच्या कायद्यानुसार अमुक साली नोंदवले’ असे म्हणून पुढे न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयाच्या कचेरीचे नाव असेल, तर ती नोंद १८७० च्या कायद्याआधीची. त्या कायद्याने हक्कनोंदणीचे काम वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेले आणि ओळीतला मजकूरही बदलला. मात्र हे साल नोंदणीचे असते. शिळा जपून ठेवली असेल, तर त्याच सालाच्या ओळीसह प्रती पुढेही निघू शकतात.

आणि शेवटी चित्राचे नाव. ते प्रकाशक ठरवतो, ते विकाऊ असावे लागते आणि चित्र कसे वाचायचे, हे तेच आपल्याला सांगत असते. ‘होम टू थँक्सगिव्हिंग’ हे शब्द झाकून चित्र पाहा. हिवाळ्यात कुणीतरी पाहुणा आला आहे, एवढेच दिसेल. सण आणि घर या दोन्ही गोष्टी शब्दांनी आणल्या आहेत. या नावाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

तिसरी पायरी : मांडणी कुठून आली, ते ओळखा

चित्रात शोभेल असे निसर्गदृश्य कोणते, याचे शास्त्रच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये तयार झाले. त्याला ‘पिक्चरेस्क’ म्हणतात. विल्यम गिल्पिन या पाद्र्याने १७८२ साली वाय नदीकाठच्या प्रवासाचे पुस्तक छापले आणि नंतर या विषयावर निबंधही लिहिले. त्याच्या मते गुळगुळीत, नेटके आणि सरळ ते सुंदर असेल, पण चित्राला खडबडीत, मोडके आणि वळणाचे हवे. टिंटर्नच्या पडक्या मठाच्या सरळ उभ्या भिंती पाहून, हातोडा घेऊन त्या जरा ठोकल्या तर दृश्य सुधारेल, असे त्याने लिहिले आहे. गायी तीन असल्या, की त्यांचा गट चांगला बसतो, दोन नीट जुळत नाहीत, असाही त्याचा अनुभव होता. हे शास्त्र पुस्तकांतून, चित्रकलेच्या कित्त्यांतून आणि इंग्लंडहून आलेल्या चित्रकारांच्या हातांतून अमेरिकेत पोचले. करियर अँड आइव्ह्जसाठी सुमारे दोनशे छाप करणाऱ्या फॅनी पामर मूळच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या होत्या.

हे ठाऊक असले, की खेड्याच्या चित्रात काही ओळखीच्या खुणा भेटू लागतात. पुढच्या भागात गडद काहीतरी असते, मग ते पडलेले खोड असेल, लाकडांची रास असेल किंवा झुडूप असेल. त्यामुळे पाहणाऱ्याला उभे राहायला जागा मिळते. एका कडेला उंच झाड असते, ते पडद्यासारखे दृश्य आवरून धरते. मधून वळत जाणारी वाट नजरेला मधल्या उजळ भागाकडे नेते आणि तिथे घर असते. त्यामागे टेकड्या थराथराने फिकट होत जातात. छपराला थोडा बाक असतो, कुंपणाची एखादी पट्टी निखळलेली असते. नवशिक्या माणूस अशी पट्टी पाहून ‘शेतकरी गरीब होता’ असा निष्कर्ष काढतो. तसे असेलही, पण गिल्पिनचे शास्त्र शिकलेला चित्रकार चांगल्या धडधाकट कुंपणाचीही एक पट्टी काढून ठेवील. म्हणून जी गोष्ट मांडणीला हवीच असते, ती केवळ चित्रात आहे, एवढ्यावरून वस्तुस्थितीचा पुरावा मानू नये. जी मांडणीला अडचणीची असूनही चित्रात आली आहे, तिच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

ही कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. ड्युरी कनेटिकटमधल्या न्यू हेवनचे. जन्म १८२० चा, नॅथॅनिएल जॉसलिन या चित्रकाराकडे शिकलेले आणि आधी गावोगाव फिरून माणसांची चित्रे काढणारे. न्यू हेवनजवळचे ईस्ट रॉक आणि वेस्ट रॉक हे कडे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. त्यांच्या एखाद्या चित्रात मागे टेकडी दिसली, तर ती नेहमीची मऊ गोलाई आहे, की वरून सपाट तुटलेला आणि ओळखू येईल असा कडा आहे, हे पाहावे. गोलाई असेल, तर ती शास्त्रातून आलेली असू शकते. ओळखीचा कडा असेल, तर चित्रकार तिथे उभा होता, असे म्हणायला आधार मिळतो. शिळेवर चित्र उलटे काढावे लागते, तेव्हाच छाप सुलटा येतो. त्यामुळे एखाद्या खऱ्या जागेशी छापाची तुलना करताना डावे-उजवे बदलले आहे का, तेही तपासावे.

आपल्या छापाच्या नावात मात्र कुठल्याच गावाचे नाव नाही. हे प्रकाशकाच्या सोयीचे होते. जागेचे नाव घातले असते, तर तिथल्याच लोकांनी ते विकत घेतले असते. नाव नसल्यामुळे ज्याला त्याला ते आपल्या आजोबांचे घर वाटू शकते.

चौथी पायरी : माणसे मोजा आणि त्यांचे हात पाहा

खेड्याच्या चित्रात माणसे लहान असतात आणि त्यामुळेच ती नीट पाहिली जात नाहीत. कागदाचा तुकडा घेऊन तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. माणसे किती आहेत, प्रत्येकाच्या हातात काय आहे आणि कुणाचा चेहरा आपल्याकडे आहे. कष्ट करणाऱ्या कारागिरापेक्षा रेंगाळणारा गावकरी चित्राला जास्त शोभतो, असे गिल्पिनने स्पष्ट लिहिले होते. नीतीच्या दृष्टीने कारागीर बरा, पण चित्राच्या दृष्टीने तसे नाही, असा त्याचा भेद होता. त्यानंतरच्या शंभर वर्षांतली निसर्गचित्रे पाहताना हा भेद जागोजागी आठवतो. गवताची गंजी असते, पण ती रचणारे घामाघूम झालेले दिसत नाहीत. लाकडे फोडून रचलेली असतात, पण कुऱ्हाड उगारलेली दिसत नाही. काम झालेले असते किंवा होणार असते.

ड्युरींच्या बाबतीत मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. १८६६ साली छापलेल्या त्यांच्या सफरचंदाच्या रसाच्या चित्रात, म्हणजे ‘ऑटम इन न्यू इंग्लंड : सायडर मेकिंग’ या छापात, काम हाच विषय आहे. बर्फ तोडून नेण्याच्या आणि पाणचक्कीच्या १८६४ च्या छापांतही गावाचा धंदा मध्यभागी आहे. ‘होम टू थँक्सगिव्हिंग’मध्ये हात कामात नाहीत, ते हस्तांदोलनात आहेत. एकाच चित्रकाराच्या चार छापांत हा फरक दिसला, की तो मुद्दाम केलेला आहे, असे म्हणता येते. एकाच छापावरून असे म्हणता येत नाही. हातात एखादा छाप आला, की त्याच चित्रकाराचे किंवा प्रकाशकाचे निदान आणखी तीन छाप शोधून शेजारी ठेवण्याचा आळस करू नये.

पाचवी पायरी : साल आणि चित्र यांची गाठ घाला

या छापातली सर्वांत बोलकी गोष्ट चित्रात कुठेच दिसत नाही. ती तारखांत आहे. ड्युरी १८६३ साली वारले. अमेरिकेचे यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असे चालले. छाप १८६७ चा आहे. म्हणजे मूळ चित्र युद्ध संपण्यापूर्वी काढलेले आणि छाप युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी विकायला आलेला. चित्रकाराने जो मुलगा दाराशी आणला, त्याच्याकडे १८६७ चे गिऱ्हाईक कोणत्या डोळ्यांनी पाहत असेल? त्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक गेले होते. कितीतरी घरांतली जागा त्या सणाला रिकामी होती. घरी परतलेल्या मुलाचे चित्र त्या वर्षी विकायला काढणे, यामागे प्रकाशकाचा काही विचार असेल, असा तर्क करता येतो. पण तो तर्क आहे आणि तसाच तो लिहावा. मुलाच्या अंगावर गणवेश नाही, चित्रात युद्धाची कुठलीच खूण नाही आणि ड्युरींना युद्ध कसे संपले हे कधी कळलेच नाही.

सणाचेही तसेच आहे. थँक्सगिव्हिंग हा मुळात न्यू इंग्लंडचा प्रादेशिक सण. सारा जोसेफा हेल या संपादिकेने तो सगळ्या देशाचा व्हावा, म्हणून वर्षानुवर्षे लिहिले आणि १८६३ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठी जाहीर केला. म्हणून १८६७ चा हा छाप एका प्रांताचे अंगण साऱ्या देशाचे घर म्हणून दाखवतो. आणि बर्फ? कनेटिकटमध्ये नोव्हेंबरअखेर एवढे बर्फ दर वर्षी पडलेले नसते. ड्युरींची ओळखच हिवाळी चित्रांची होती आणि बर्फामुळे घराची ऊब वाढते, हे प्रकाशक जाणून होता.

आता नावाकडे परत येऊ. ‘घरी’ येण्यासाठी आधी घर सोडावे लागते. एरी कालवा १८२५ साली सुरू झाल्यापासून पश्चिमेकडचे स्वस्त धान्य पूर्वेला येऊ लागले, न्यू इंग्लंडच्या डोंगराळ आणि दगडगोट्यांच्या शेतांना त्याच्याशी टक्कर देणे कठीण झाले, मुली मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या कापडगिरण्यांत गेल्या, मुलगे शहरांत किंवा पश्चिमेला गेले. ड्युरींचे न्यू हेवन घड्याळांच्या, बग्ग्यांच्या आणि बंदुकांच्या कारखान्यांचे शहर होते. पडवीतले स्वागत इतके भरभरून आहे, कारण उरलेले वर्षभर त्या पडवीत म्हातारा-म्हातारीच आहेत. गणपतीला कोकणातल्या घरी पोचणारा मुंबईचा चाकरमानी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. छापात गिरणी नाही, आगगाडी नाही, पण मुलगा ज्या अर्थी परत आला आहे, त्या अर्थी त्या सगळ्या गोष्टी चौकटीच्या बाहेर उभ्या आहेत. चित्रावरून निघणारा हा निष्कर्ष मला युद्धाच्या तर्कापेक्षा भक्कम वाटतो, कारण तो चित्रातल्या कृतीवर आणि छापलेल्या नावावर उभा आहे.

जे चित्रात नाही त्याविषयी लिहिताना मात्र हात आखडता ठेवावा. न्यू हेवनची जमीन मुळात क्विनिपिऍक या मूलनिवासी लोकांची. शेतघरांच्या या सगळ्या चित्रांत ते कुठेही नाहीत, हे नोंदवणे योग्यच आहे. पण प्रत्येक चित्रात प्रत्येक गोष्ट कशी असेल? न दिसलेल्या गोष्टीची नोंद दोन अटींवर करावी. एक तर ती त्या जागी त्या काळी होती किंवा तिचा त्या जागेशी सरळ संबंध होता, हे बाहेरच्या पुराव्याने ठाऊक असावे. आणि त्याच प्रकारच्या इतर छापांतूनही ती सातत्याने गळालेली असावी.

सहावी पायरी : गिऱ्हाईक कोण होते, ते विचारा

लहान आकाराचा छाप पंधरा-वीस सेंटला मिळे, मोठा एक ते तीन डॉलरला. आपला छाप मोठ्यांपैकी, सुमारे पंधरा इंच उंच आणि पंचवीस इंच रुंद. साध्या मजुराला त्या काळी दिवसाला एक-दीड डॉलर मिळत असे, हे लक्षात घेतले, की असा छाप घरात आणणे ही विचार करून केलेली खरेदी होती, हे कळते. फेरीवाले, दुकाने आणि टपाल यांतून या संस्थेची चित्रे खेडोपाडी जात. १९०७ साली धंदा बंद होईपर्यंत तिने सात हजारांवर वेगवेगळी चित्रे काढली.

याच दुकानात १८६८ साली ‘अक्रॉस द कॉन्टिनेंट’ हा छाप विकायला होता. फॅनी पामर आणि आइव्ह्ज यांच्या त्या चित्रात आगगाडी सरळ रेषेत क्षितिजाकडे निघालेली आहे आणि तिच्या धुरात घोड्यावरचे दोन मूलनिवासी झाकोळले आहेत. पामरबाई स्वतः पश्चिमेकडे कधी गेल्या नव्हत्या. एका वर्षाच्या अंतराने निघालेले हे दोन छाप शेजारी ठेवून पाहावेत. एकात वाट वळत घराकडे येते, दुसऱ्यात रूळ घर मागे टाकून जातो. दोन्ही चित्रे एकाच घरात एकाच भिंतीवर लागू शकत होती.

शेवटची पायरी : नोंद लिहा

पाहून झाले, की अर्ध्या पानाची नोंद लिहावी. आधी वस्तूचे वर्णन, मग दिसते ते, मग ठाऊक असलेले संदर्भ आणि सर्वांत शेवटी आपला अर्थ, असा क्रम ठेवावा. प्रत्येक वाक्य लिहिताना ‘हे मी पाहिले, की मला ठाऊक आहे, की मला वाटते’ हे मनाशी ठरवावे आणि क्रियापदही तसेच वापरावे. नमुन्यादाखल माझी नोंद देतो.

‘हाताने रंगवलेला शिळाछाप. प्रकाशक करियर अँड आइव्ह्ज, न्यूयॉर्क, १८६७. मूळ चित्र ड्युरी यांचे, शिळेवरचे काम शुटलर यांचे. खडूचे दाणे स्पष्ट दिसतात. बर्फाच्या जागी कोरा कागद असून तो समासाइतकाच पिवळा आहे, म्हणून प्रकाशाची वेळ ठरवलेली नाही. दारापुढे स्लेजगाडी, पडवीत स्वागत. कुणीही काम करताना ठळकपणे पुढे आणलेले नाही. मांडणी पिक्चरेस्क परंपरेतली आहे. जागेचे नाव दिलेले नाही. चित्रकार छाप निघण्याआधी चार वर्षे वारला होता. नावातला ‘घरी’ हा शब्द घर सोडून गेलेल्या पिढीकडे बोट दाखवतो. छाप युद्धानंतरच्या खरेदीदारांसाठी काढला असावा, असे मला वाटते. पडवीखालच्या बर्फात निळा रंग रेषेबाहेर गेला आहे. तो भरणारीचे नाव नोंदलेले नाही.’